वास गेला त्या हंगामात

द्राक्षं तोडायला पंधरा दिवस उरले होते आणि माझं नाक गेलं.

साथीचं पहिलं वर्ष सरत आलं होतं. मला तसा त्रास थोडाच झाला. तीन दिवस ताप, अंगदुखी, मळ्यातल्या खोलीत एकटीने राहणं. चौथ्या दिवशी सासूबाईंनी दाराबाहेर ठेवलेला आल्याचा चहा प्यायले तर नुसतं गोड गरम पाणी. वाटलं, आलं टाकायला विसरल्या असतील. मग कपाच्या तळाशी आल्याच्या शिरा दिसल्या. मी उठून खोलीतल्या एकेका वस्तूचा वास घेत सुटले. साबण, उदबत्तीचा पुडा, निंबोळीचं तेल. शेवटी फवारणीच्या गंधकाची थैली उघडून तिच्यात तोंड घातलं. काही नाही. धूळ तेवढी नाकात गेली आणि शिंका आल्या.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर चार दिवस जेवण बेचव लागलं असतं, एवढंच. माझं कामच नाकाचं होतं. आमच्या घरच्या वायनरीत वाईन मी बनवते.

कामरगावचा बाजार आम्हाला जवळचा. तिथून आत, बरड जमिनीच्या उतारावर आमचा मळा. खालच्या काळ्या रानात तूर, सोयाबीन. वरच्या बरडावर पूर्वी संत्रा होता. संत्र्याची झाडं शेंड्याकडून वाळत गेली, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी ती काढली आणि नाशिककडे जाऊन पांढऱ्या द्राक्षाच्या काड्या घेऊन आले. खायच्या नव्हे, वाईनच्या. घरात कुणालाच विचारलं नव्हतं. गावात लोक म्हणाले, म्हातारं सटकलं. हातात घेतलेलं काम दुसऱ्याला पटवून देत बसणं त्यांच्या स्वभावातच नाही.

मला बघायला आले तेव्हा वेली तीन वर्षांच्या होत्या. कांदेपोहे झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. "पोरी, तू केमिस्ट्री शिकली म्हंतेत. मंग सडनं अन् आंबनं, यात फरक काय, सांग बरं."

अकोल्याला एम.एस्सी. करताना असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, "सडणं आपोआप होतं. आंबवणं करावं लागतं, त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं."

ते मांडीवर थाप मारून हसले. माझ्या नवऱ्याशी माझं बोलणं त्यानंतर झालं.

लग्नानंतर सहा महिने मी नाशिककडच्या एका वायनरीत राहून काम शिकले. परत आले तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये स्टीलच्या पाच टाक्या उभ्या होत्या, रस काढायचं यंत्र होतं, टाक्या थंड ठेवायची सोय होती. नवरा वेली सांभाळतो, मी टाक्या. मामाजी, म्हणजे माझे सासरे, दोन्हीकडे फिरून दोघांच्याही चुका काढतात.

सासूबाईंना मी आई म्हणते. वेली लावल्या तेव्हाच त्यांनी आपली हद्द सांगून टाकली होती. "तोडाले येईन. गाडीत भरून देईन. त्याच्या पुढं मले बोलावू नका." ते त्यांनी पाळलं. मानोऱ्याकडच्या तांड्यावरच्या बाया तोडणीला येतात. त्यांच्यात आईंचा हात सगळ्यांत नेटका. घड कापायच्या आधी एक मणी तोंडात टाकून बी दाताखाली फोडतील आणि म्हणतील, "अजून दोन दिस." माझं साखर मोजायचं उपकरणही बहुतेक तेच सांगायचं. क्रेट भरून शेडकडे निघाले की त्या मात्र बाहेरच्या कडुनिंबाखाली थांबायच्या. शेडच्या उंबऱ्यावर त्यांचं पाऊल कधी पडलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही. घरात दारू बनतेय हे त्यांना पटत नाही, माळकरी घरातून आलेल्या असतील, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलं होतं. कितीतरी गोष्टी आपण अशाच समजून घेतो आणि मग वर्षानुवर्षं विचारायचं राहून जातं.

नाक गेल्याचं मी कुणाला सांगितलं नाही. चौदा दिवस झाले, खोलीतून घरात आले. नवऱ्याने विचारलं, "बरं वाटतं ना?" मी हो म्हटलं. त्याला बारमाही सर्दी. वासाच्या कामात त्याचा उपयोग नव्हता. मामाजींचं नाक तपकिरीने कधीच मारून टाकलेलं. म्हणजे वास घेणारी घरात मी एकटीच, आणि मीच गप्प. मनाशी म्हणत होते, येईल चार दिवसांत. नाही आला तर उपकरणं आहेतच. साखर मोजता येते, आंबटपणा मोजता येतो, तापमान तर भिंतीवर दिसतं.

लपवण्यामागे लाजही होती. या घरात मी आले तीच मुळी या कामाची म्हणून. तेच गेलं तर उरलं काय, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारत नव्हते.

फेब्रुवारीच्या मध्यात तोडणी झाली. आमच्याकडे ऊन लवकर तापतं, म्हणून दिवस उगवताना सुरू करून नवाच्या आत संपवतो. गरम द्राक्षाचा रस लवकर बिघडतो. त्या वर्षी माल सुरेख होता. हिरवट सोनेरी, सालीवर बारीक तपकिरी ठिपके. रस काढला, थंड केला, गाळ बसू दिला, वरचा निवळ रस चार टाक्यांत घेऊन त्यात यीस्ट सोडलं. दुसऱ्या दिवशी टाक्या बोलू लागल्या. झाकणावरच्या नळीतून बुडबुडे निघतात त्याचा तो आवाज. एरवी या दिवसांत शेड पेरूच्या टोपलीसारखी घमघमते. त्या वर्षी मी नुसते बुडबुडे मोजत होते.

पाचव्या दिवशी दुपारी मी घरी जेवायला आले. मागच्या दारी हात धूत होते. आई पाट्यावर मिरच्या वाटत होत्या. त्यांनी मान वर केली.

"काय वं, अंडं फुटलं काय कुठी?"

"नाही तर."

"मंग हा वास कायचा येऊन राह्यला? सडल्या अंड्यावानी." त्या उठून माझ्याजवळ आल्या, माझी ओढणी हातात घेऊन नाकाशी नेली. "तुह्याच कपड्याले हाय. तुले नाई येत?"

सडक्या अंड्याचा वास म्हणजे काय ते मला पुस्तकातूनही माहीत होतं आणि नाशिकमध्ये एकदा पाहिलंही होतं. रसात यीस्टला पुरेसं खाद्य नसलं की ते उपाशी राहतं, त्याच्यावर ताण येतो आणि असा वायू सुटतो. वेळीच कळलं तर उपाय सोपा आहे. उशीर झाला तर तो वास वाईनमध्ये मुरतो आणि मग काही केल्या निघत नाही. मी चार दिवसांपासून त्या टाक्यांच्या मधून फिरत होते.

"आई, मला कसलाच वास येत नाही," मी म्हणाले. "ताप आला तेव्हापासून."

त्यांनी ओढणी सोडली. हात मिरचीने लाल झालेले. "महिना होत आला न् मग सांगतलं काहून नाई?"

मला रडू आलं. जेवण तसंच राहिलं. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, "चाल. कोन्त्या टाकीचा वास हाय, पाहू."

शेडपर्यंत आल्या आणि सवयीने कडुनिंबाखाली थांबल्या. मी चारही टाक्यांतून एकेक ग्लास रस काढून त्यांच्याकडे नेला. त्यांनी ग्लास हातात घ्यायला नकार दिला. मी धरायचा, त्या वाकून वास घ्यायच्या, एका दमात, आणि लगेच मान वळवायच्या. दोन ग्लास बरे निघाले. तिसऱ्याला त्यांनी पदर नाकाला लावला. चौथ्यापाशी त्या घुटमळल्या. दोनदा वास घेतला, तिसऱ्यांदा घेतला.

"याचं काई समजून नाई राह्यलं. ग्लासात येईस्तोर याचा जीव जाते. टाकीपाशी कसा येते?"

"टाकीपाशी जास्त कळतं," मी म्हणाले. याहून जास्त बोलायची हिंमत नव्हती.

त्यांनी चपला काढल्या. देवळात जाताना काढतात तशा नाही. नदीत उतरताना काढतात तशा. साडी थोडी वर खोचली आणि उंबरा ओलांडून आत गेल्या. मी मागोमाग. शेडमध्ये थंड होतं. त्या मध्यभागी उभ्या राहिल्या आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला. मी टाकीचं झाकण सैल करायला पुढे झाले, तर त्यांनी हाताने थांबवलं. बराच वेळ तशाच उभ्या. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, वायूने डोळे झोंबले असतील.

"बाहेर जाऊ, आई," मी म्हणाले.

"थांब." त्या हळू बोलल्या. "माह्या भावाच्या तोंडाचा वास असा नव्हता."

त्यांना भाऊ होता हेच मला ठाऊक नव्हतं. घरात कधी त्याचं नाव निघालं नाही.

तिथेच, टाकीला पाठ टेकून, त्यांनी सांगितलं. माहेर आसेगावच्या बाजूचं. भाऊ त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठा. मोहाची दारू प्यायचा. संध्याकाळी तो आला की त्यांची आई त्यांना, लहान पोरीला, दाराशी पाठवायची. "पाय, कसा आला." त्यांनी जवळ जाऊन वास घ्यायचा आणि आत येऊन सांगायचं. थोडी घेतली असेल तर ताट वाढायचं, जास्त असेल तर भांडीकुंडी, कुऱ्हाड, विळा लपवायचा. "मले तर हेबी समजे का कोन्त्या घरची प्यायला. एकाच्या भट्टीत गूळ जास्त राहे, एकाच्या नवसागर. मी आठ-नऊ वर्साची असन." आईंच्या लग्नानंतर तीन वर्षांत भाऊ गेला. "मले वाटे, इथं तोच वास असन. म्हून पाय नाई ठेवला. इतके वर्स मी त्या वासालेच भीत होती."

त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि चौथ्या टाकीच्या झाकणाशी नाक नेलं.

"हे चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "कच्च्या पेरूवानी. अन् थोडं लिंबाचं पान चुरगाळल्यावानी. तिसरंच बिघडलं."

त्या दुपारी मी तिसऱ्या टाकीतला रस खालून काढून वरून मोकळ्या हवेत पडू दिला, तासभर. मग यीस्टचं खाद्य पाण्यात विरघळवून घातलं. खाद्याच्या बादलीवरचं लेबल आईंनी एकेक अक्षर लावत वाचलं. "डी-ए-पी. काय वं, वावरातलं खत टाकलं काय तू त्याच्यात?"

"तसंच, पण खाण्यायोग्य, शुद्ध. यीस्ट उपाशी होतं."

"असं बोल ना मंग. उपाशी जीव वास मारनारच."

दुसऱ्या दिवशी वास निम्मा झाला होता, तिसऱ्या दिवशी गेला. हे मला त्यांनी सांगितलं म्हणून कळलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत असे. वास वाईट असला की त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर सुरकुती पडते, चांगला असला की भुवया किंचित वर जातात. बोलायच्या आधीच मला कळायला लागलं.

मग रोज सकाळी न्याहारीनंतर आम्ही दोघी शेडमध्ये जाऊ लागलो. मी आकडे घ्यायची, त्या वास सांगायच्या. नाशिकला मला शिकवलेले शब्द परदेशी फळांचे होते. त्यातली अर्धी फळं मी कधी खाल्लीही नव्हती, तरी पाठ केली होती. आईंचे शब्द निराळे. ओल्या तुरीची शेंग. नव्या माठातलं पाणी. पाखडलेली ज्वारी. बोराची चटणी, "पन मीठ नाई टाकलेली". मी ते लिहून घ्यायची. सुरुवातीला वाटायचं, नंतर शास्त्रीय शब्दांत बदलून घेऊ. पुढे तो विचार सुटला.

एप्रिलमध्ये भांडण झालं. चारही टाक्या निवळल्या होत्या. दुसऱ्या टाकीची वाईन आम्ही गाळावरून काढून पाचव्या, रिकाम्या टाकीत घेतली होती. दोन दिवसांनी आईंनी वास घेतला आणि नाकावर सुरकुती पडली.

"दमटल्या पोत्यावानी येऊन राह्यला."

मी मोजायचं ते सगळं मोजलं. काहीच वावगं नव्हतं. मामाजी आले, एक घोट घेऊन तोंडात फिरवला आणि म्हणाले, "चांगली तर हाय. काय पोतं अन् काय. भरून टाका बाटल्या."

"मी सांगतो ना, नाई चांगली," आई म्हणाल्या.

"तुले काय समजते याच्यातलं? कधी थेंब घेतला काय तोंडात?"

"नाई घेतला. घेनारबी नाई. पन वास मले येते, तुमाले येत नाई."

मामाजींचा आवाज चढला. "हे सारं मी उभं केलं! काडी मी आनली, टाक्या मी आनल्या. अन् आता तू मले शिकवतं?"

आईंचा आवाज मुळीच चढला नाही. "तुमी उभं केलं, होय. मले इचारलं होतं काय लावताना? एक डाव? तुमाले माहीत होतं माह्या भावाचं. माहीत असून इचारलं नाई."

नवरा दाराशी उभा होता, तो आत आलाच नाही. मामाजींनी ग्लास खाली ठेवला. ते बाहेर निघून गेले. कडुनिंबाखाली जाऊन बसले, जिथे इतकी वर्षं आई थांबायच्या.

मी आणि नवऱ्याने दुपारभर शोधलं. टाकीत काही नव्हतं, पंपात काही नव्हतं. शेवटी एका टाकीतून दुसरीत वाईन न्यायचा लांब पाइप उन्हात धरून आतून पाहिला, तर मधल्या वळणावर काळसर बुरशी धरलेली. मी आजारी असताना तो ओलाच गुंडाळून ठेवला गेला होता. एरवी वापरायच्या आधी मी त्याचा वास घेते. त्या वर्षी घेतला होता, आणि काही आलं नव्हतं, म्हणून ठीक समजले होते.

पाइप मामाजींच्या समोर नेऊन ठेवला. त्यांनी बोट आत फिरवलं, बोट बघितलं. मग घराकडे गेले. स्वयंपाकघरात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी मुद्दाम मागे राहिले. संध्याकाळी ते मला म्हणाले, "ते टाकी भरू नका. सिरका होते काय त्याचा?" मी म्हटलं, प्रयत्न करता येईल. सिरक्यातही तो वास राहिला. शेवटी ओतून दिला. चांगल्या द्राक्षांची एक अख्खी टाकी माझ्या गप्प राहण्याने गेली, हे मी त्या वर्षी स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. घरात मला कुणी ते बोलून दाखवलं नाही.

माझं नाक एकदम परत आलं नाही. आधी वाकडं आलं. उन्हाळाभर फोडणीला जळक्या प्लॅस्टिकचा वास यायचा, कांदा तर समोर सोसवायचा नाही. आईंनी दोन महिने वरण वेगळं, बिनफोडणीचं, माझ्यासाठी काढून ठेवलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज चार ठरावीक वास घ्या, सकाळ-संध्याकाळ, न येणारा वासही आठवून घ्या. मी लवंग, लिंबू, निलगिरी आणि गुलाबपाणी घेऊन बसायची. लवंग आधी आली. लिंबू पावसाळ्यात. एक दिवस खालच्या रानात तुरीच्या फुलांजवळून जाताना नाकात काहीतरी शिरलं आणि मी जागीच उभी राहिले. त्या वासाला नाव देता आलं नाही, पण तो खरा होता, वाकडा नव्हता.

आता बरंचसं परत आलंय. कवठाचा वास अजून येत नाही. भिजल्या पोत्याचा येतो की नाही याची मला खात्री नाही, आणि या धंद्यात नेमकी तीच खात्री लागते. म्हणून आजही आधी आई वास घेतात, मी नंतर. आमचं जुळतं तेव्हा बरं वाटतं. जुळत नाही तेव्हा दोघी बाहेर जाऊन पाणी पितो आणि परत घेतो. त्यांनी आजवर वाईनचा थेंब चाखलेला नाही. मीही कधी घ्या म्हटलं नाही. पाहुणे येतात, मामाजी मोठ्या हौसेने त्यांना मळा दाखवतात आणि शेडमध्ये आले की म्हणतात, "इथलं काई मले इचारू नका, हिले इचारा." आई लाजतात, पण सरकत नाहीत.

यंदाच्या हंगामात आई महिनाभर माझ्या नणंदेकडे पुण्याला होत्या. बाळंतपण होतं, जाणं भाग होतं. नव्या वाईनचा पहिला गाळ काढायचा की राहू द्यायचा, हे मला एकटीला ठरवायचं होतं. पहिल्या टाकीपाशी अर्धा तास उभी राहिले. काहीतरी येत होतं, चांगलं की वाईट कळत नव्हतं. शेवटी फोन लावला.

"फोनवर वास कसा सांगू, आई?"

"भाजीच्या नावानं सांग. भाजी नाई तर वावराच्या नावानं."

मी परत झाकणाशी वाकले. मागे फोनमधून बाळाचं रडणं येत होतं, त्या त्याला थोपटत होत्या. मी दोन-तीन नावं मनात घेतली आणि सोडली. मग म्हणाले, "ओल्या हरभऱ्याच्या घाट्या. हिरव्या, नुकत्या उपटलेल्या. आंबट बोटांना लागतं ना, तसं."

"घाट्या करपल्या तर नाई? भाजल्या हुळ्यावानी?"

"नाही. हिरव्याच."

"मंग राहू दे आठ दिस. हात नको लावू."

मी हात लावला नाही. झाकण आवळलं, पाइप धुऊन उन्हात सरळ वाळत टाकला आणि दुसऱ्या टाकीकडे वळले.